आईच्या हातात कंट्रोलर: सांगलीतल्या स्लॉटकार ट्रॅकवरचा एक दिवस

हळदीचं_पान

दिवाळीत माहेरी आले होते. भाऊबीज आटोपली, पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून भाच्यानं टुमणं लावलं, "आत्या, स्लॉटकारला चल." भाऊ म्हणाला, सगळेच जाऊ. वहिनीला ड्युटी होती. राहिली आई. तिचं नेहमीचं, "मी येते की, पण तुम्ही खेळा. मी पिशव्या धरून बसते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. जत्रेत पाळण्याखाली, बागेत घसरगुंडीजवळ, गणपतीपुळ्याच्या वाळूत. चपला, पिशव्या, पाण्याची बाटली आईजवळ आणि बाकी सगळे खेळायला. या वेळी तसं झालं नाही, म्हणून हा धागा काढतेय. मोठा होणार आहे, सवडीनं वाचा.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी आधी थोडं. स्लॉटकार म्हणजे साधारण वीतभरापेक्षा जरा लहान, विजेवर पळणारी गाडी. रस्त्यात एक बारीक खाच असते, तीनेक मिलिमीटरची. गाडीच्या नाकाखाली एक पातं असतं, त्याला गाईड म्हणतात, ते त्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या, त्यांत बारा व्होल्टची डीसी वीज. गाईडला विणलेल्या तांब्याचे दोन तुकडे लावलेले असतात, ते पट्ट्यांवर घासत जातात आणि मोटरला वीज मिळते. स्टिअरिंग नाही. हातात पिस्तुलासारखी मूठ आणि तिला एक चाप. चाप जितका ओढाल तितका वेग. सगळा खेळ त्या एका बोटात.

जागा वखारभागात आहे, एका जुन्या हळदीच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, लाकडी. वर गेलं की भाजलेल्या मातीसारखा एक जुना वास येतो आणि फरशीच्या फटींत अजून पिवळं दिसतं. ट्रॅक चालवणारे काका (भाचा काका म्हणतो, म्हणून आम्हीही) म्हणाले, खाली करायचा विचारच केला नाही. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा या इमारतीचा तळमजला बुडाला होता. ट्रॅक एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचा आहे. एमडीएफला पाणी लागलं की तो भाकरीसारखा फुगतो आणि खाच मिटते. मग सगळंच गेलं.

ट्रॅक चार लेनचा. लाल, पांढरी, निळी, पिवळी. एक फेरी सोळा मीटरची. मध्ये पूल आहे आणि त्याच्या खालून रस्ता परत येतो, इंग्रजी आठसारखा. पुलाला आयर्विनसारख्या दगडी कमानी रंगवल्यात, आणि एका खांबावर फुटांच्या रेघा आहेत. ४० ला पिवळी, म्हणजे पुराचा इशारा, ४५ ला लाल, म्हणजे धोका. सांगलीच्या माणसाला त्या रेघा काय आहेत हे सांगावं लागत नाही. आई त्या खांबाशी क्षणभर थांबली, रेघेवर बोट ठेवलं आणि पुढं गेली.

भडंगाची पुडी काकांनी दारातच काढून घेतली. मला आधी जरा राग आला. मग त्यांनी कारण सांगितलं. तेलकट बोटं टायरला लागली की त्या गाडीची पकड गेली, आणि ते तेल ट्रॅकवर उतरलं की मागून येणाऱ्या सगळ्यांची गेली. टायर कसे पुसतात तेही दाखवलं. चिकटपट्टी उलटी, गोंदाची बाजू वर करून टेबलावर लावतात आणि गाडीची मागची चाकं तिच्यावरून घोळवतात. पट्टी काढली तर तिच्यावर टायरचे दोन समांतर ठसे, राखाडी, आणि त्यात पिवळे कण. हळद! वखारीतली हळद अजून हवेत आहे. काका म्हणाले, पहिल्या वर्षी तर गाड्यांची चाकं हळदीच्या अंगासारखी पिवळी व्हायची.

आम्ही तिघं खेळायला लागलो. नवख्यांसाठी काका व्होल्टेज कमी ठेवतात, तरी पहिल्याच वळणावर माझी गाडी खाचेतून उडून भिंतीच्या गादीवर. दुसऱ्या फेरीत पुन्हा. सरळ रस्त्यावर चाप पूर्ण ओढायचा मोह आवरत नाही, आणि वळण दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. भाच्याचंही तेच. भाऊ त्यातल्या त्यात बरा.

आई खुर्चीवर. चार पिशव्या मांडीवर. पण तिचं लक्ष आमच्या गाड्यांकडे नव्हतं, माझ्या हाताकडे होतं. दहा मिनिटांनी म्हणाली, "तू चाप उशिरा सोडायलीस."

माझी आई ६८ वर्षांची आहे. चाळीस वर्षं ब्लाऊज शिवते. आधी पायमशीन, मग भावानं तिला मोटर बसवून दिली, पायाखाली पेडल. तिनं जे सांगितलं ते मी तसंच लिहिते. "गळ्याची गोलाई आली की पाय आधी सैल करायचा. गोलाईत शिरल्यावर सैल केला तर टीप भरकटते. हे तसंच हाय की."

मी कंट्रोलर तिच्यासमोर धरला. नको नको म्हणाली. मी पिशव्या उचलून खिडकीत ठेवल्या. काकांनी विचारलंसुद्धा नाही, सरळ तिच्यासाठी एक स्टूल पिवळ्या लेनपाशी आणून ठेवलं. त्या माणसाचे मला आभार मानायचे आहेत.

पहिली फेरी तिला जवळजवळ चौदा सेकंद लागली. आम्ही नऊ-साडेनऊवर होतो. तिसऱ्या फेरीत चाप सोडून बघितला आणि गाडी जागच्या जागी थबकली. तिनं दचकून विचारलं, "ही सोडल्या सोडल्या कशी थांबती? माझी मशीन दोन टाके पुढं जाती." काका खूश. म्हणाले, इतक्या लोकांनी हात लावला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. चाप सोडला की कंट्रोलर मोटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी जोडतो. फिरणारी मोटर त्या क्षणी डायनॅमो होते, स्वतःच तयार केलेली वीज तिलाच उलटी ओढते, आणि ब्रेक लागतो. त्यावर आई म्हणाली, मग तर आणखी उशिरा सोडला तरी चालेल. म्हणजे मला जे दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं ते तिनं स्वतःच दुरुस्त केलं. सरळ रस्त्यावर जरा जास्त वेळ दाबून धरायला लागली, वळणाच्या हातभर आधी सोडायची, आणि गाडीचं शेपूट सरळ होत आलं की परत हळू ओढायची. तिची तर्जनी बघत राहावी अशी होती. शिवणाऱ्या माणसाच्या बोटाला टोकाशी एक घट्टा असतो, तो चापाच्या खोबणीत बरोबर बसला होता.

मग शर्यत. नियम असा की प्रत्येकानं प्रत्येक लेनवर तीन मिनिटं चालवायचं, चारही लेनच्या फेऱ्यांची बेरीज. शर्यत नसेल तेव्हा वळणावर मार्शल म्हणून उभं राहायचं आणि दुसऱ्यांच्या उडालेल्या गाड्या परत खाचेत ठेवायच्या. आमच्याबरोबर चार कॉलेजची मुलं होती. ती धावायची तेव्हा आम्ही मार्शल, आम्ही धावायचो तेव्हा ती.

मार्शलचं काम मला खेळाहून अवघड वाटलं. चार रंग, गाड्या सुसाट, आणि उडालेली गाडी तिच्याच लेनमध्ये ठेवायची. घाई केली की गाईड खाचेत जात नाही, नुसता वर घासतो. आईला हे काय अवघड? आयुष्यभर सुईत दोरा ओवलेला. गाडी उचलायची, नाक आधी टेकवायचं, मग मागची चाकं. एका झटक्यात. मुलं ओरडायला लागली, "आजी, पांढरी! आजी, लाल!" आणि आजी वळणावर कमरेत वाकून उभी, पदर खोचलेला.

निकाल सांगते. भाऊ ८१ फेऱ्या, मी ७८, आई ७६, भाचा ७१. पण आईचे आकडे लेनप्रमाणे बघा: १६, १९, २०, २१. शेवटची पिवळी, तीन मिनिटांत २१, आणि एकदाही गाडी खाचेबाहेर गेली नाही. त्या दिवशी तिथं हे दुसऱ्या कुणाला जमलं नाही, कॉलेजच्या मुलांनाही नाही.

घरी येताना पिशव्या मी धरल्या होत्या.

कृष्णाकाठी

आईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. १६, १९, २०, २१ वाचून अंगावर काटा आला. मी राहतो विश्रामबागला आणि मला हे शहरात आहे हेच माहीत नाही! किती घेतात? लहान मुलांना घेतात का? माझी मुलगी पाच वर्षांची आहे.

हळदीचं_पान

@कृष्णाकाठी, नमस्कार पोचवला. आम्हाला माणशी दीडशे पडले, अर्ध्या तासाचे, शर्यतीचे वेगळे. पाच वर्षांच्या मुलीसाठी काकांकडे एक कंट्रोलर आहे, त्याचा चाप अर्ध्यापर्यंतच येतो. आत रबराचा तुकडा अडकवलाय. त्यानं गाडी उडत नाही. मात्र तिचा हात पुरेल असं स्टूल मागून घ्या, ट्रॅक कमरेएवढा उंच आहे.

घाटरस्ता

साताऱ्याहून. छान लिहिलंय, पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा). माझ्याकडे लहानपणी मामानं मुंबईहून आणलेला सेट होता, प्लॅस्टिकचे तुकडे जोडून आठ आकडा करायचा. त्या गाड्या इतक्या सहज उडत नव्हत्या. चाप पूर्ण दाबून धरला तरी वळण घ्यायच्या. तुमच्याकडे नवखे सारखे उडतात म्हणता, तर मोठ्या ट्रॅकच्या गाड्या वाईट असतात का?

वायरमन

@घाटरस्ता, उलट आहे. तुमच्या गाडीच्या पोटात चुंबक होता. प्लॅस्टिकच्या सेटमध्ये विजेच्या पट्ट्या चुंबकाला चिकटणाऱ्या धातूच्या असतात, चुंबक गाडीला खाली खेचून धरतो. म्हणून मुलांना लगेच जमतं. लाकडी ट्रॅकवर तांब्याची पट्टी असते, तांब्याला चुंबक लागत नाही. तिथं गाडी टिकते ती टायरची पकड, वजन कुठं आहे आणि तुमचं बोट यांवर. शेपूट वळणात बाहेर सरकतं ते दिसतं, ते सावरता येतं. चुंबकाची गाडी सरकत नाही, सरकत नाही, आणि मग एकदम विमानासारखी जाते.

कुपवाड एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. घरी ट्रॅक करणार असाल तर प्रत्येक लेनला वेगळा पॉवर सप्लाय द्या. एकाच सप्लायवर सगळ्या लेन टाकल्या की शेजाऱ्याची गाडी उडते, त्याचा भार सुटतो, आणि तुमचं व्होल्टेज अचानक चढतं. नेमके तुम्ही वळणात असता. लोक म्हणतात माझी चूक झाली. चूक वायरिंगची असते.

नवखा_०७

गाडी किती वेगानं पळते? व्हिडिओत तर फॉर्म्युला वनसारखी वाटते.

वायरमन

ताईंनी एक फेरी १६ मीटरची सांगितली आहे. चांगला चालवणारा ती साडेसहा सेकंदांत काढेल असं धरू. म्हणजे सेकंदाला अडीच मीटरच्या जरा आत, ताशी ९ किलोमीटर. सायकलवाला मागं टाकेल. गाडी १:३२ प्रमाणात, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी असेल तर ३२ नं गुणून लोक २८० सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण गुरुत्वाकर्षण काही ३२ नं लहान होत नाही, त्यामुळे त्या आकड्याला फार अर्थ नाही. डोळ्याला वेग वाटतो तो गाडी लहान आणि रस्ता जवळ असल्यामुळे.

मोटर मात्र खरंच जोरात फिरते. नेहमीच्या सेटमधली मोटर बारा व्होल्टला मिनिटाला १८ हजारांच्या आसपास फेरे घेते. गिअरनं ते तिपटीनं खाली आणतात.

चिकित्सक

लेख भावला. एक शंका. लेन चार आहेत तर आतल्या लेनला कमी अंतर पडतं. मग शर्यत सारखी कशी?

बोरगावची_बोर

म्हणूनच प्रत्येकजण प्रत्येक लेनवर चालवतो ना. ताईंनी लिहिलंय.

वायरमन

दोघांचंही बरोबर, आणि त्यात एक गंमत आहे जी मला फार आवडते. साधा गोल ट्रॅक असेल तर शेजारच्या दोन लेनमधला फरक ट्रॅकच्या आकारावर अवलंबून नसतो. लेनमधलं अंतर गुणिले दोन पाय (गणितातला π), बस. अंतर ९ सेंटिमीटर असेल तर प्रत्येक फेरीला सुमारे साडेछप्पन सेंटिमीटर. ट्रॅक खोलीएवढा असो की शिवाजी स्टेडियमएवढा, फरक तेवढाच. पण ताईंच्या ट्रॅकवर पूल आहे. आठ आकड्यात रस्ता एकदा डावीकडे पूर्ण वळतो आणि एकदा उजवीकडे. एका फेरीत जी लेन आतली असते तीच पुलापलीकडे बाहेरची होते, हिशोब शून्य. म्हणजे तो पूल शोभेला नाही, सगळ्यांना सारखं अंतर मिळावं म्हणून आहे.

तरी लेन सारख्या नसतातच. बाहेरच्या लेनचं वळण मोठं, त्यात वेग जास्त टिकतो. आतलं वळण अडनिडं. आईंचे लालवर १६ आणि पिवळीवर २१, त्यात शिकत गेल्याचा भाग आहे आणि लेनचाही थोडा असेल.

हळदीचं_पान

@वायरमन, हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे कळीदार झग्यागत. आतला घेर कमी, बाहेरचा जास्त."

मिरजेचा_तंबोरा

आमच्या घरात तीन पिढ्या सतारी-तंबोरे होतात. टायरबद्दल वाचून एक लिहावंसं वाटलं. मुलाबरोबर मीही त्या ट्रॅकवर दोनदा गेलोय. नवीन टायर बसवला की काका तो घासून गोल करतात. सँडपेपर सपाट फळीवर, गाडी हातात हलकी धरायची, चाकं फिरवायची आणि नुसती टेकवायची. दाबायचं नाही. टायर दिसायला गोल असतो पण नसतो, कुठंतरी केसाएवढा उंचवटा असतो, आणि त्यानं गाडी सरळ रस्त्यावर थरथरते.

मी ते बघत होतो आणि मला आमची ज्वारी आठवली. सतारीच्या घोडीचा माथा कानसीनं घासून तारेला जो झंकार आणतात तिला आम्ही ज्वारी लावणं म्हणतो. तिथंही एक हात जास्त फिरला की संपलं, मग पुन्हा पहिल्यापासून. वडील म्हणायचे, घासताना कानानं घासायचं. काका गाडी टेकवून आवाजच ऐकतात. टायर गोल झाला की घरघर जाते आणि एकच सूर राहतो. मी त्यांना म्हटलं, हा काळी दोनच्या आसपास आहे. ते हसले, पण पुढच्या गाडीच्या वेळी त्यांनीच मला विचारलं, लागला का?

कृष्णाकाठी

वा! मिरजकरांच्या प्रतिसादासाठी वेगळा धागा हवा.

पेठेतला_पोरगा

मी सहा महिन्यांपूर्वी ऑनलाइन एक सेट मागवला होता. आठ दिवसांत एक मोटर जळाली. विकणाऱ्यानं फोनच उचलला नाही, सुटा भाग मिळत नाही, साडेसात हजार पाण्यात. मुलगा अजून ते खोकं उघडून बघतो. म्हणून विचारतोय, घरी सेट घ्यावा की नुसतं ट्रॅकवर जावं?

वायरमन

वाईट वाटलं वाचून. फेकू नका. मोटर बहुतेक नेहमीच्या मापाची असेल, खोक्यात उघडी गाडी घेऊन या, मी बघतो. बऱ्याचदा मोटर जळलेली नसते, गाईडखालची विणलेली पट्टी विस्कटून दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना लागलेल्या असतात. शॉर्ट होतो, गाडी मेल्यासारखी वाटते. सुईनं तारा सोडवा, पट्टीचं टोक किंचित पसरवा आणि खाली वाकवा. एक केस अडकला तरी गाडी अडखळते, आसाला गुंडाळलेले केस चिमट्यानं काढा.

पेठेतला_पोरगा

रविवारी येतो. मनापासून आभार.

जुनी_पेटी

इतिहासाची आवड म्हणून थोडी भर. घरोघरी पोचलेला पहिला मोठा सेट स्केलेक्सट्रिक, इंग्लंड, १९५७. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाची मिनीमॉडेल्स नावाची कंपनी होती. ती आधी पत्र्याच्या, स्प्रिंगवर पळणाऱ्या गाड्या करायची, त्यांचं नाव स्केलेक्स. त्यात वीज घातली आणि स्केलेक्स अधिक इलेक्ट्रिक, असं नाव झालं. जर्मनीत कॅरेरा १९६३ ला. त्याच दशकात अमेरिकेत गावोगावी स्लॉटकारची केंद्रं निघाली, आठ-आठ लेनचे ट्रॅक, आणि दशक संपेपर्यंत ती लाट ओसरलीही. २००४ ला स्केलेक्सट्रिकनं डिजिटल आणलं. त्यात एकाच खाचेत एकाहून जास्त गाड्या, बटण दाबून लेन बदलायची, ओव्हरटेक करायचा.

चिकित्सक

मग काकांनी डिजिटल का नाही केला? खऱ्या शर्यतीच्या जास्त जवळचं आहे ते.

मिरजेचा_तंबोरा

मी हे विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, लेन बदलता आली की लोक एकमेकांच्या गाड्यांवर लक्ष ठेवतात. इथं तुमची लेन तुमची. कोण पुढं गेलं ते घंटी सांगते. मला पटलं. डिजिटल आवडणाऱ्यांनाही काही चुकीचं म्हणणार नाही, तो वेगळा खेळ आहे.

घाटरस्ता

एक सांगायचं राहिलं. धागा वाचून मी मामाचा सेट माळ्यावरून काढला. पट्ट्यांना गंज आहे, सँडपेपर मारू का?

वायरमन

नको, ओरखड्यांत पुन्हा गंज धरतो. आधी खोडरबर घासून बघा, शाळेतला साधा. मग कोरडं फडकं. पावसाळ्यात कास-महाबळेश्वरच्या बाजूला राहत असाल तर दर महिन्याला.

हळदीचं_पान

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मी पुण्याला परत आले, पण भावाचा फोन येतो. दोन रविवार झाले, आई जातेय. एकदा शेजारच्या काकूंना घेऊन गेली, त्याही शिवतात, फॉल-पिको करतात. भाऊ म्हणाला दोघी वळणावर मार्शल होत्या आणि कॉलेजच्या मुलांना चाप कधी सोडायचा ते सांगत होत्या.

माझी सगळ्यांना एक विनंती आहे: ट्रॅकवर जाल तेव्हा खुर्चीवर कोण बसलंय ते बघा आणि त्यांच्या मांडीवरच्या पिशव्या आधी उचला. नुसतं "तूही खेळ ना" म्हणून भागत नाही, आई तीन वेळा नाही म्हणाली होती.

आणि @वायरमन, आईचा एक प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत. "त्या भल्या माणसाला विचार, गाडीला लागतो तसला ब्रेक माझ्या मशीनला लावता येतो का? दोन टाके वाचतील."

वायरमन

आईंना नमस्कार. प्रश्न अगदी बरोबर जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

गाडीच्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात. वीज बंद केली तरी चुंबक आहेतच, म्हणून ती फिरता फिरता डायनॅमो होते आणि तारा जोडल्या की थांबते. घरगुती शिलाई मशीनला वरून बसवलेली मोटर वेगळी. तिच्यात चुंबक नसतात, तारेची गुंडाळी असते, तिच्यातून वीज जाईल तेवढा वेळच ती चुंबकासारखी वागते. वीज बंद, चुंबक बंद. त्यामुळे तिच्या तारा जोडून ब्रेक लागत नाही. शिवाय तिथं घरातली २३० व्होल्टची लाईन आहे. हा प्रयोग कुणीही घरी करू नका, भावाला तर आवर्जून सांगा.

उपाय आहे. कारखान्यातल्या मशीनना आता सर्व्हो मोटर येते. पेडल सोडलं की जागेवर थांबते, आणि सोबत सेन्सर असेल तर सुई वर ठेवून थांबते. घरगुती मशीनला बसणारीही मिळते, पण टेबल आणि पट्ट्याची जागा बघावी लागेल. मशीनच्या खालून आणि मागून दोन फोटो पाठवा, मी माप सांगतो.

हळदीचं_पान

फोटो भावाला काढायला सांगितले. आई म्हणते माप येईपर्यंत थांबत नाही, उद्या मारुती रोडला गेली की किंमत विचारून येते.